उरलेले ७० मैल



वाट कशाने तयार होते, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणू की पायांनी. माणसे चालत राहिली की गवत दबते, माती उघडी पडते आणि वाट होते. हे खरे, पण अर्धेच खरे. जमिनीचा मालक "येथून जायचे नाही" म्हणाला, तर हजार पायांनी पाडलेली वाटही एका दिवसात बंद होते. ती कायमची उघडी राहायची तर पायांच्या जोडीला हक्क लागतो. इंग्लंडातील 'पेनाइन वे' या लांब पायवाटेची हकिगत मी आज सांगणार आहे ती एवढ्यासाठीच.

पेनाइन ही उत्तर इंग्लंडात दक्षिणोत्तर पसरलेली डोंगररांग. तिच्या एका अंगाला मँचेस्टर व लँकेशायरच्या कापडगिरण्या, दुसऱ्या अंगाला शेफील्डचे पोलाद आणि यॉर्कशायरची लोकर. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला रविवारी मोकळी हवा हवी असे. डोंगर तर शहरातून दिसत. पण त्यांवरील माळरानांचा मोठा भाग खाजगी होता. ग्राउज नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनदारांनी तो राखलेला. शिकार वर्षातून थोडे दिवस, राखणदार मात्र बारा महिने. काही ठिकाणी शहरांची पाणीपुरवठा खातीही, तलावांचे पाणी दूषित होईल म्हणून, माणसाला फिरकू देत नसत.

२४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण, बहुतेक कामगार, बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली आणि पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. मागणी काय, तर डोंगरावर चालू द्या!

तीन वर्षांनी, जून १९३५ मध्ये, टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने 'डेली हेरल्ड' या कामगारपक्षीय दैनिकात एक लेख लिहिला. स्टीफन्सन तेराव्या वर्षी कापडछपाईच्या कारखान्यात कामाला लागलेला माणूस. अमेरिकेत अॅपलेशियन पर्वतावर लांबच लांब पायवाट होत होती. तशी आपल्याकडे आहे काय, असे दोन अमेरिकन मुलींनी पत्राने विचारले होते. नाही, पण असावी, असे त्याचे उत्तर. डर्बीशायरपासून थेट स्कॉटलंडच्या सीमेपर्यंत!

१९३८ मध्ये या कामासाठी मंडळ स्थापन झाले. हिशेब केला तेव्हा सुमारे २५० मैलांपैकी १८० मैलांवर वहिवाटीचा हक्क आधीच होता असे दिसले. आपल्याकडे पंढरीची वाट जशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्याने लोकांची झाली, तसाच हा प्रकार. प्रश्न उरला ७० मैलांचा.

आता कोणी म्हणेल, जवळजवळ तीनचतुर्थांश काम तयार आहे, मग अडचण ती कसली? श्रोतेहो, माझा धंदा कामगार संघटनेचा. मागणीपत्रात वीस कलमे असली तर पंधरा पहिल्या महिन्यात सुटतात, कारण ती देऊन मालकाचे फारसे जात नाही. खरा मालक बसलेला असतो तो उरलेल्या पाचांत. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांना कायम करण्याचे कलम आम्ही "पुढे पाहू" म्हणून सोडले आणि करारावर सह्या केल्या. हार घातले, पेढे वाटले. ते 'पुढे' कधी आलेच नाही. ज्यांच्यासाठी कलम होते त्यांतले कित्येक कंत्राटीच राहून घरी गेले. ती चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते. ते ७० मैल असेच होते: शिकारीचे माळ आणि पाण्याचे तलाव तिथेच होते.

स्टीफन्सनने ते सोडले नाहीत. मध्ये महायुद्ध झाले. १९४८ मध्ये त्याने पार्लमेंटच्या काही सभासदांनाच या डोंगरांतून चालवून आणले! १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण प्रदेशातील प्रवेशाचा कायदा झाला. त्याची रीत अशी: आयोगाने लांब वाटेचा मार्ग सुचवायचा, मंत्र्याने मंजूर करायचा, मग प्रत्येक अपुऱ्या तुकड्यासाठी स्थानिक संस्थेने जमीनमालकाशी करार करायचा, तो न जमल्यास हुकूम काढून हक्क निर्माण करायचा आणि मालकाला भरपाई द्यायची. जमीन मालकाचीच राहते, जाण्यायेण्याचा हक्क तेवढा लोकांचा होतो.

मार्गाला १९५१ मध्ये मंजुरी मिळाली, तरी शेवटचा तुकडा जोडायला आणखी चौदा वर्षे लागली. शेत शेत, कुंपण कुंपण करीत हे काम झाले. अखेर २४ एप्रिल १९६५ रोजी मालम येथे वाट खुली झाली. तारीख ध्यानात आली ना? किंडरवरच्या त्या झटापटीला त्याच दिवशी ३३ वर्षे पुरी झाली होती. आज ही वाट २६८ मैलांची मोजतात. आणि २००० सालच्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या डोंगर-माळांवर वाट सोडूनही चालण्याचा हक्क इंग्लंडात मिळाला.

एक गोष्ट सांगून संपवतो. पुढे इतकी माणसे येऊ लागली की दलदलीची काळी माती पायांखाली खचू लागली. तेव्हा तेथे दगडी फरशा अंथरल्या. त्यांतल्या अनेक लँकेशायरच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून उखडून आणलेल्या! ज्या फरशीवर आजोबा दिवसभर मागाशी उभे राहिले, तीवरून नातू रविवारी मोकळ्या वाऱ्यात चालतो. माझे वडील गिरणगावातले. आमच्या गिरण्यांच्या जागी मनोरे आणि बाजार उभे राहिले. तिथून कोणती वाट निघाली, ते मला सापडत नाही.

म्हणून एवढेच सांगतो. आपल्या गावची टेकडी, नदीकाठ, तळ्याची वाट यांचा एखादा तुकडा कुंपणापाशी अडला असेल, तर "बाकीची वाट आहे ना" म्हणून समाधान मानू नका. अडलेला तुकडा कागदावर आणा, त्याचे मैल मोजा, आणि तो सुटेपर्यंत बैठक उठवू नका.