गाठ एकीची, तोंडं हजारोंची

टास्मानियन डेव्हिलच्या मादीची चार आचळं आणि तिची वीस-तीस पिल्लं हा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण आलेलं एक पत्र थांबवून ठेवण्यासारखं नाही. टास्मानियन डेव्हिलच्या चेहऱ्यावर होणारा कर्करोग ‘एकाचा दुसऱ्याला लागतो’, असं मागच्या लेखात ओझरतं लिहिलं होतं. ते वाचून एका वाचक भगिनींनी कळवलं आहे की, त्यांच्या जाऊबाईंवर कर्करोगाचे उपचार चालू आहेत आणि घरातल्या काही मंडळींनी त्यांची ताट-वाटी वेगळी केली आहे. ‘डेव्हिलना लागतो, तर माणसाला लागणार नाही कशावरून?’ असं त्या विचारतात.

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. कर्करोग झालेल्या माणसाला शिवल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं, त्याच्याशेजारी झोपल्यानं कर्करोग लागत नाही. जाऊबाईंचं ताट आजच पंक्तीत परत मांडा. सर्दी-खोकला झालेल्यांनी मात्र त्यांच्यापासून दूर राहावं. उपचारांमुळे त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असू शकते, म्हणून ही काळजी त्यांच्यासाठी घ्यायची.

आता कारणं. कर्करोगाची गाठ आपल्याच एका पेशीपासून सुरू होते आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर संपते. परक्याची पेशी अंगात शिरलीच, तर आपली प्रतिकारयंत्रणा तिला मारून टाकते. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, त्या याच यंत्रणेला आवरण्यासाठी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुधा एक विषाणू असतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे खरं. पण तिथे जातो तो विषाणू. गाठ प्रत्येकीच्या स्वतःच्या पेशींतून नव्यानं तयार होते.

डेव्हिलमध्ये घडतं ते याहून वेगळं. १९९६ साली टास्मानियाच्या ईशान्य टोकाला, माउंट विल्यमच्या परिसरात, एका डच छायाचित्रकाराला चेहऱ्यावर भल्यामोठ्या गाठी असलेले डेव्हिल दिसले. पुढे अशी जनावरं बेटावर पश्चिमेकडे, दक्षिणेकडे दिसत गेली. रोग पसरतोय म्हणजे विषाणू असणार, म्हणून विषाणूचा शोध झाला. तो सापडला नाही.

उलगडा झाला गुणसूत्रांवरून. अ‍ॅन-मरी पिअर्स आणि केट स्विफ्ट या दोघींनी गाठींमधल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. डेव्हिलच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात. गाठीतल्या पेशीत १३ निघाली, आणि त्यांचीही पार मोडतोड झालेली. कर्करोगात गुणसूत्रं मोडतातच, त्यात नवल नाही. नवल हे की, वेगवेगळ्या डेव्हिलच्या गाठींमध्ये ती अगदी एकाच तऱ्हेनं मोडलेली होती. त्यातल्या एका डेव्हिलच्या एका गुणसूत्राचा तुकडा जन्मतःच उलटा बसलेला होता. त्याच्या अंगातल्या इतर पेशींत हा दोष होता, गाठीत नव्हता. म्हणजे ती गाठ त्याच्या स्वतःच्या पेशींची नव्हतीच! २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निबंध जेमतेम एका पानाचा आहे. निरीक्षण आणि तर्क एवढ्याच बळावर इतका मोठा प्रश्न सोडवणारा दुसरा निबंध माझ्या वाचनात नाही.

कलमाच्या आंब्यावरून हे चटकन समजेल. बुंधा कुठल्याही रायवळ आंब्याचा असो, वर वाढते ती मूळ झाडाचीच फांदी. टास्मानियाभर डेव्हिलच्या तोंडावर वाढणारी ही गाठ अशीच एका डेव्हिलची आहे. ती मादी होती आणि नसांभोवती आवरण तयार करणारी तिची एक पेशी बिघडली, एवढं जनुकांवरून कळलं आहे. ती मादी केव्हाच मेली. तिच्या पेशी मात्र एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात आजही वाढत आहेत.

त्या जातात चाव्यातून. मेलेल्या वॉलबीवर जमलेले डेव्हिल मोठा कल्लोळ करतात. पण गुरगुरणं, जबडा वासणं, पाठ फिरवून ढकलणं यावरच तिथलं बरंचसं भागतं. खोल चावे बसतात ते मार्चच्या आसपास, माजाच्या दिवसांत, आणि बहुतेक नर-मादीमध्ये, तोंडावर. ज्याला जास्त चावे तोच जास्त आजारी, असं कुणालाही वाटेल. रॉड्रिगो हामेदे आणि सहकाऱ्यांनी रानात प्रत्यक्ष नोंदी ठेवल्या, तेव्हा उलटं निघालं. ज्यांच्या अंगावर चाव्याच्या खुणा कमी, त्यांनाच रोग अधिक, आणि गाठीही बऱ्याचदा तोंडाच्या आत. म्हणजे चावणाराच गाठीचा लचका तोडतो आणि तिच्या पेशी स्वतःच्या तोंडात घेतो. दबून राहणारे त्या मानानं वाचतात. इतरांवर जरब बसवणारे धट्टेकट्टे डेव्हिल आधी बळी पडतात. गाठ वाढली की खाणं अशक्य होतं, आणि बहुतेक जनावरं वर्षभराच्या आत मरतात.

मग त्यांची प्रतिकारयंत्रणा करते काय? टास्मानियातले सगळे डेव्हिल जनुकांनी इतके सारखे आहेत की त्यांना परकी पेशी परकी वाटतच नसावी, असं आधी मानलं गेलं. पण एका डेव्हिलची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, तर शरीरानं ती नाकारली. परकं ओळखता येतं, हे त्यावरून ठरलं. पुढे २०१३ साली कळलं की गाठीच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरचे ओळख पटवणारे रेणू जवळजवळ नाहीसे करतात. पहारा शाबूत असतो, त्याला दिसण्यासारखं काही उरत नाही.

सांसर्गिक कर्करोग पाहायला टास्मानियाला जायलाही नको. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर रक्ताळलेली गाठ दिसते, तीही याच जातीची. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी समागमातून जगभर पसरल्या आहेत. आपले पशुवैद्य व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं देतात आणि बहुतेक कुत्री बरी होतात. तेव्हा अशी गाठ दिसली तर कुत्र्याला हाकलू नका, दवाखान्यात न्या. माणसाला ती लागत नाही.

हा प्रकार निसर्गात फार दुर्मीळ आहे. म्हणूनच २०१४ मध्ये टास्मानियाच्या आग्नेय भागात डेव्हिलच्या तोंडावर दुसरीच सांसर्गिक गाठ सापडली, तेव्हा धक्का बसला. हिच्या पेशींत वाय गुणसूत्र आहे, म्हणजे ही नरापासून निघाली. एकाच प्राण्यात दोनदा असं घडावं, हे मला योगायोग वाटत नाही. तोंडावर चावण्याची सवय आणि त्यातून पेशींना मिळणारी आयती वाट, यात त्याचं मूळ असावं असं माझं मत आहे.

बेटावरचे डेव्हिल १९९६ च्या मानानं आज निम्म्याहूनही कमी आहेत. तरीही रोग आला तिथून ते पार नाहीसे झालेले नाहीत. काहींच्या गाठी आपोआप विरल्याच्या नोंदी आहेत. त्याहून लक्षणीय आहे तो माद्यांमधला बदल. एरवी डेव्हिलची मादी दोन वर्षांची झाली की विते आणि आयुष्यात तीनेक वेळा पिल्लं वाढवते. रोग पसरलेल्या भागात माद्यांना तिसरं वर्षही अवघड झालं. तिथे आता बऱ्याच माद्या वयाच्या पहिल्याच वर्षी वितात. मेना जोन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ही नोंद प्रसिद्ध केली. अशा मादीला अनेकदा एकच वीण मिळते, आणि त्या एका विणीतून जास्तीत जास्त चार पिल्लं जगतात. बाकीची वीस-पंचवीस जन्मतात कशाला, आणि तांदळाच्या दाण्याएवढं आंधळं पिल्लू आचळापर्यंत पोचतं कसं, ते पुढच्या आठवड्यात.