जुन्या परदेशी मोटारीचे स्टिअरिंग हलके का होते?

कोल्हापूर - विजयादशमीला दसरा चौकात होणाऱ्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार आली, की उपस्थितांच्या नजरा तिच्याकडे वळतात. राजाराम महाराजांच्या काळातील या मोटारीमुळे जुन्या परदेशी गाड्यांविषयीचे आकर्षण करवीरनगरीला नवे नाही. मिरवणुकीत मोटार पावलापावलाने चालते. मात्र एखाद्या हौशी मालकाची जुनी मर्सिडीज, फोक्सवॅगन बीटल किंवा शेव्हरोले इम्पाला पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ७०-८० किलोमीटरचा वेग घेते, तेव्हा गावातल्या गावात न जाणवलेला दोष उघडा पडतो. स्टिअरिंग हाताला हलके लागते, गाडी सरळ राहत नाही, चालकाला सतत डावी-उजवीकडे दुरुस्ती करत राहावे लागते.

अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली, की पुष्कळदा स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला जातो. दोन दिवस बरे वाटते; पण मूळ दोष तसाच राहतो. झिजलेला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड तपासायचा राहून गेला आणि तो वेगात असताना निखळला, तर चाकावरचा ताबाच सुटतो. म्हणूनच या दोषाचे निदान क्रमाने करणे महत्त्वाचे ठरते.

तक्रार नेमकी कोणती?

वरवर सारख्या वाटणाऱ्या तक्रारी प्रत्यक्षात वेगवेगळ्या असतात. गाडी सतत एकाच बाजूला जात असेल, तर ती 'ओढते'. आपल्याकडील रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतार असल्याने डावीकडे किंचित जाणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. तशीच राहिली, तर अलाइनमेंटचा किंवा एका बाजूला धरून राहणाऱ्या ब्रेकचा.

गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल, तर ती 'भरकटते'. स्टिअरिंग थोडे फिरवूनही चाक हलत नसेल, तर तो 'प्ले'. आणि चाक फिरवण्यास जोरच लागत नाही, वळणानंतर ते आपोआप सरळ होत नाही, हा खरा 'हलकेपणा'.

यात गाडीचा मूळ स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. १९५० व १९६० च्या दशकांतील मोठ्या अमेरिकन गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग मुळातच बोटाने फिरेल इतके हलके असे. बीटलचे इंजिन मागे आणि पेट्रोलची टाकी पुढे असते. टाकी रिकामी होत आली, की पुढचा भाग आणखी हलका होतो.

सरळ राहण्याचे रहस्य

सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. ही तिरकी रेषा खाली वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीतही हेच तत्त्व वापरलेले असते. या कलाला 'कॅस्टर' म्हणतात. तो कमी झाला, की स्टिअरिंग हलके होते आणि गाडी भरकटू लागते.

आपल्याकडे कॅस्टर बिघडण्याचे एक कारण दुर्लक्षित राहते. खराब रस्ते आणि वाढीव ओझे यांसाठी मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा घातला जातो. गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि पुढचा कल तेवढाच कमी होतो. दोन्ही चाकांतील अंतर अडीच मीटर असेल, तर मागची बाजू सुमारे ४४ मिलिमीटर उचलल्यास कल एक अंशाने घटतो. अनेक जुन्या गाड्यांचा मूळ कॅस्टरच दोन-तीन अंशांचा असतो. पुढच्या स्प्रिंग बसल्या असतील, तरी हाच परिणाम होतो. उलट डिकीत फार सामान भरले, तर पुढच्या चाकांवरील भार कमी होऊन स्टिअरिंग हलके लागते. त्यामुळे गाडी सपाट जागी उभी करून चारही बाजूंची उंची मोजणे, ही बिनखर्चाची तपासणी आधी करावी.

सुरुवात टायरपासून

मागच्या टायरमध्ये हवा कमी असली, तरी गाडी मागून डोलते आणि दोष स्टिअरिंगचा वाटतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी. हौसेच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात. नक्षी शाबूत दिसली, तरी रबर कडक झालेले असते. सन २००० पासूनच्या टायरवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष चार अंकांत असते. '२३१४' म्हणजे २०१४ मधील २३ वा आठवडा.

जुन्या गाड्यांवर क्रॉसप्लाय आणि रेडियल टायर मिसळून बसवलेले आढळतात. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय ही जोडी धोकादायक आहे. वळणावर मागची बाजू आधी घसरते. चारही टायर एकाच प्रकारचे असणे उत्तम.

प्ले कसा शोधावा?

या तपासणीला दोन माणसे लागतात. चाके सरळ ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. दुसऱ्याने गाडीखाली, शक्यतो पिटमधून, प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावे. स्टिअरिंगच्या दांड्यावरील रबरी जोड, बॉक्सचा आर्म, समोरच्या बाजूचा आयडलर आर्म, टाय रॉड एंड, या क्रमाने जावे. सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे झीज आहे. १९७६ ते १९८६ दरम्यान तयार झालेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ मालिकेत आयडलर आर्मचे बुश झिजणे ही परिचित तक्रार आहे. चेसिसला बॉक्स जिथे बोल्टने धरला आहे, तिथे बोल्ट सैल नाहीत ना आणि पत्र्याला तडा नाही ना, हेही पाहावे.

त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड द्यावा. चाक वर-खाली धरून हलवल्यास बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा प्ले कळतो. त्याच वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबावा. हालचाल थांबली, तर दोष बेअरिंगचा. चालूच राहिली, तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा. खालच्या आर्मवर स्प्रिंग असलेल्या गाडीत जॅक त्या आर्मखालीच लावावा, अन्यथा स्प्रिंगच्या दाबामुळे झीज लपते.

ॲक्सिलरेटर दाबताना गाडी एकीकडे आणि सोडताना दुसरीकडे जात असेल, तर मागच्या पाट्यांचे किंवा आर्मचे बुश तपासावेत. तेथे मागची चाकेच गाडीला दिशा देत असतात.

बॉक्सला हात शेवटी

स्टिअरिंग बॉक्समधील गिअर मधल्या जागी घट्ट आणि दोन्ही बाजूंना सैल, असे जाणीवपूर्वक बनवलेले असतात. सरळ चालताना झीजही मध्येच होते. चाक वळलेल्या स्थितीत स्क्रू आवळला, तर बॉक्स मध्यावर अडकतो. स्टिअरिंग परत येत नाही आणि गाडी अधिकच भरकटते. इतर सर्व सांधे निर्दोष ठरल्यावरच, चाके सरळ ठेवून, वर्कशॉप मॅन्युअलमधील मापाने हे काम करावे. मॉरिस मायनरसारख्या रॅक असलेल्या गाडीत रॅकची पकड आणि रबरी बूट पाहावेत. फाटक्या बुटातून पावसाळ्यात चिखलपाणी आत शिरते.

अलाइनमेंट आणि सुटे भाग

सांधे सैल असताना केलेले अलाइनमेंट निरर्थक ठरते. संगणकीय यंत्रात जुन्या गाडीची मापे नसतील, तर मालकाने ती मॅन्युअलमधून लिहून न्यावीत आणि केवळ 'टो' नव्हे, तर कॅस्टर व कॅम्बरही मोजून घ्यावेत. पुढची चाके बाहेरच्या बाजूला उघडलेली असतील, तर गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक खळग्याला बिचकते.

सुट्या भागांची टंचाई ही खरी अडचण आहे. उद्यमनगरात लेथवर ब्राँझचा बुश चांगला तयार होऊ शकतो. किंगपिन मात्र योग्य पोलादाचा आणि हार्डनिंग केलेलाच हवा. स्टिअरिंगचा आर्म किंवा बॉल जॉइंट वेल्डिंग करून वापरणे कटाक्षाने टाळावे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्तीसाठी नेता येते. वर्षभर उभी असलेली गाडी रॅलीसाठी थेट महामार्गावर काढण्याआधी टायर, उंची, सांधे, अलाइनमेंट आणि सर्वांत शेवटी बॉक्स, हा क्रम पाळावा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल आढळल्यास ती गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये. ती उचलूनच न्यावी.