माणूस आळशी की मुलूख तहानलेला?



‘मराठवाड्याची जमीन काळी, कसदार, पण माणूस आळशी. सगळे सरकारने करून द्यावे अशी याची सवय.’ हे बोलणे तुम्ही ऐकले आहे. एस.टी.त ऐकले असेल, मोंढ्यात ऐकले असेल, मुलाला पुण्याला शिकायला ठेवून आलात तेव्हा ऐकले असेल. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की हेच बोलणे आता आपण आपल्याच पारावर बसून, आपल्याच तोंडाने बोलू लागलो आहोत. मुदखेड तालुक्यात काय आणि लातूरकडे काय, नवे वाण किंवा ठिबक सांगायला गेले, की कुणीतरी हटकून म्हणतो, ‘साहेब, ते तिकडच्या लोकांचे काम. आपल्या माणसाच्याने व्हायचे नाही.’ तिकडचे म्हणजे सांगली-कोल्हापूरचे, नगर-नाशिकचे.

पिकातले तण डोळ्यांना दिसते, म्हणून आपण खुरपे घेऊन बसतो. मनात रुजलेले हे तण दिसत नाही. म्हणून आज फवारणी-पेरणीचे बाजूला ठेवून याचाच विचार करू.

बियाणे तेच, जमीन वेगळी

ज्वारीच्या एकाच पिशवीतले बी तुम्ही निम्मे भारी काळ्या रानात पेरले आणि निम्मे माळावरच्या मुरमाड रानात. काळ्या रानात कणीस भरले, माळावर ताट वाळून गेले. मग माळावरचे बी आळशी होते, असे तुम्ही म्हणता का? नाही. तुम्ही म्हणता, ओल पुरली नाही. पिकाच्या बाबतीत जो न्याय आपण बिनचूक लावतो, तो माणसाच्या बाबतीत का विसरतो? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका गंगेच्या तीन कहाण्या

आपण जिला गंगा म्हणतो ती गोदावरी पाहा. त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि आंध्रात समुद्राला मिळते. नदी एकच, पण तिच्या काठच्या तीन मुलखांचे नशीब तीन प्रकारचे.

अगदी खालच्या टोकाला, राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम् येथे आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने बंधारा बांधला. तो १८५२ साली पुरा झाला. तो सारा मुलूख भाताचे कोठार बनला आणि तिथला शेतकरी ‘उद्योगी’ म्हणून नावाजला गेला.

वरच्या अंगाला, नगर जिल्ह्यात गोदावरीची उपनदी प्रवरा आहे. तिच्यावर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि कालवे वाहू लागले. त्या पाण्यावर ऊस आला. उसाच्या जोरावर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याची चाके फिरू लागली. कारखान्यामागून पतपेढी, शाळा, दवाखाना, कॉलेज आले. तिथला शेतकरीही ‘उद्योगी’ ठरला.

आणि मधला आपला टापू? आपल्या वाट्याची गंगा अडली ती पैठणला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. म्हणजे धवलेश्वरम् नंतर सव्वाशे वर्षांनी आणि भंडारदऱ्यानंतर पन्नास वर्षांनी. आमच्या नांदेडजवळचा विष्णुपुरीचा उपसा प्रकल्प तर त्याच्याही मागून आला.

सव्वाशे वर्षे म्हणजे शेतकऱ्याच्या पाच पिढ्या. ज्या घराला पाच पिढ्या आधी पाणी मिळाले ते घर आणि ज्याला काल मिळाले ते घर, यांची तुलना करताना आपण माणसांचे स्वभाव मोजतो आणि पाण्याच्या तारखा मोजायच्या विसरतो.

रूळ, शाळा आणि दफ्तर

पाण्यासारखीच गोष्ट बाकीच्या सोयींची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. मुलखाचा मोठा भाग जहागिऱ्यांत आणि निजामाच्या खासगी मालकीच्या ‘सर्फ-ए-खास’मध्ये अडकलेला होता. कारभार उर्दूतून चाले. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही शिक्षण उर्दूतून. कुणब्याच्या मराठी पोराने शिकायचे कुठे? नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली. पुण्याचे कृषी महाविद्यालय मात्र इंग्रजांच्या काळापासूनचे.

आमचे मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादचा फाटा इथेच फुटतो. जंक्शन असून उपयोग किती? आपले रूळ मीटरगेजचे, अरुंद. मुंबईचे रूळ ब्रॉडगेजचे, रुंद. त्यामुळे मुंबईला जायचे तर माणसाला मनमाडला गाडी बदलावी लागे आणि मालालाही. कापसाची गाठ असो की धान्याचे पोते, एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचे. त्यात वेळ जाई, हमाली जाई. मनमाडपासून नांदेडकडचे रूळ रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. शेतमालाच्या दराला लागलेली ही गळती कुणाच्या आळसातून आलेली नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याआधी, १९५३ च्या नागपूर कराराने मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले गेले होते. ते किती पाळले गेले, हे पाहायला सरकारने १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा मागे आहे, त्याला सरासरीला आणायला किती पैसा लागेल, हा हिशेब तिने मांडला. यालाच ‘अनुशेष’ म्हणतात. १९८४ च्या अहवालात तो एकंदर सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी आणि विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी.

आता तिसरा आकडा पाहा, कारण तो आपण सहसा सांगत नाही. उरलेल्या महाराष्ट्राचाही सुमारे १,१८९ कोटींचा अनुशेष निघाला होता. सगळा पश्चिम महाराष्ट्र म्हणजे उसाचा फड नव्हे. साताऱ्यातले माण-खटाव आणि सांगलीतले जत-आटपाडी हे तालुकेही पाण्यासाठी आपल्यासारखेच तरसलेले. एका शिबिराच्या निमित्ताने तिकडे गेलो असता एकाने मला ऐकवले, ‘तुमच्याकडे जमिनी चांगल्या, पण माणसांत दम नाही.’ मी काही बोलण्याआधीच त्यांच्यातला एक म्हातारा शेतकरी त्याला म्हणाला, ‘कालवा यायच्या आधी आपण काय करीत होतो रे? मुंबईला जाऊन पोतीच वाहत होतो ना?’ सगळे गप्प झाले. पाण्याची किंमत त्या म्हाताऱ्याला कळलेली होती.

मग आळशी कोण?

१९७२ च्या दुष्काळात याच मुलखातल्या बायाबापड्यांनी रणरणत्या उन्हात खडी फोडली, तलावांवर माती वाहिली. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. आजही दसरा-दिवाळी झाली की बीडकडून आणि आपल्या मुखेड-कंधारकडूनही ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, लेकरे पाठीशी, कोपीत संसार आणि पहाटेच्या अंधारात फडावर हजेरी. ज्या साखरेच्या जिवावर एक मुलूख उद्योगी ठरला, त्या साखरेचा ऊस तोडणाऱ्या हातांचा मुलूख आळशी कसा ठरतो, हे कुणी मला समजावून सांगावे.

आणखी सांगतो. हळद्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी आपल्या परभणीच्या विद्यापीठाने दिली आणि ती देशभर पेरली गेली. ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस आमच्या नांदेडच्या संशोधन केंद्रातला. त्याने दूरदूरची शिवारे पांढरी केली. आमच्या मुदखेड भागातली फुले नांदेडला, निजामाबादला, हैदराबादला जातात. बाजार पहाटेचा, म्हणून तोडणीही अंधारातच करावी लागते. आणि एके काळी शाळा नसलेल्या या मुलखात ‘लातूर पॅटर्न’ असा नावारूपाला आला, की इतर जिल्ह्यांतले आईबाप लेकरांना लातूरला ठेवू लागले. पाणी, शाळा, बाजार यांतले काही हाती आले की हाच माणूस काय करतो, ते यातून दिसते.

शेजारच्या घरीही तेच

हा शिक्का आपल्याच कपाळी आहे असे समजू नका. धर्माबादच्या पलीकडचा तेलंगणा आपल्याबरोबरच निजामाकडे होता. १९५६ साली तो किनारपट्टीच्या आंध्राला जोडला गेला. धवलेश्वरम् च्या पाण्यावर सुधारलेले तिकडचे लोक तेलंगणाच्या माणसाला आळशी म्हणत आणि त्याच्या उर्दूमिश्रित तेलुगूला हसत. सिनेमातही ती बोली बहुधा गुंडाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी असे. हा अपमान आणि पाणी-नोकऱ्यांचा हिशेब साचत गेला. १९६९ ला मोठे आंदोलन झाले आणि शेवटी २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे राज्य झाले. मग दिवस फिरले. २०१८ साली तिथल्या सरकारने शेतकऱ्याला पेरणीसाठी एकरी रोख मदत सुरू केली, तेव्हा आपल्या धर्माबाद-बिलोली भागातली काही गावे म्हणू लागली, ‘आम्हालाही तेलंगणात घ्या.’ काल ज्याला मागास म्हणत होतो, त्याच्या दारात आज जावेसे वाटले.

सातासमुद्रापार इटली देशातही हेच. तिथे उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कोरडवाहू शेती. उत्तरेचे लोक दक्षिणेच्या माणसाला पिढ्यान्पिढ्या आळशी म्हणत आले आणि त्याच दक्षिणेच्या मजुरांनी उत्तरेतले कारखाने चालवले. देश बदलतो, भाषा बदलते. शिव्या मात्र त्याच.

आपल्याही हाती शिक्का आहेच

आता थोडे आपल्याकडे पाहू. गंगथडीचा माणूस बालाघाटाच्या डोंगरातल्याला कमी लेखतो की नाही? ‘ते कोयतेवाले’ म्हणून आपण त्यांची सोयरीक टाळतो की नाही? बिहारकडून पोटासाठी आलेल्या मजुराला आपण काय काय म्हणतो? आणि पुण्याकडचे सगळेच मतलबी, असेही आपणच म्हणतो ना? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांना पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आले. तहानलेल्या लातूरला पाणी भरून दिले ते याच ‘तिकडच्या’ लोकांनी. एका शिक्क्याचा राग दुसरा शिक्का मारून जात नाही.

अनुशेषाची ढाल करून मागे दडणेही बरे नव्हे. न्याय्य वाटा मागायचाच. पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा हिशेब मागायचाच. पण चारीला पाणी आले तर रात्रभर मोकाट सोडून वरच्याने रान चिबडवायचे आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला कोरडे ठेवायचे, हे मात्र सरकारने केलेले नसते.

एवढे करा

घरात, विशेषतः लेकरांच्या कानांवर पडेल असे, ‘आपली माणसे आळशी’ हे बोलणे बंद करा. मूल जे ऐकते तेच खरे मानते. बाहेरगावी शिकायला निघालेल्या मुलाला सांगा, ‘काय करायलास’ म्हटल्यावर कुणी हसले तर मान खाली घालू नकोस. बारा कोसांवर भाषा बदलते. बदलली म्हणून ती हलकी होत नाही. पुस्तकाची भाषा शीक, आणि घरची विसरू नकोस.

गावात एखादी नवी गोष्ट फसली, तर ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून उठून जाऊ नका. बसून विचारा: पाणी वेळेवर मिळाले का? कर्ज वेळेवर मिळाले का? बी कसे होते? बाजार कुठे गाठला? जिथे गळती सापडेल तिथे बूच मारा. त्यातले जे सरकारचे काम आहे ते ग्रामसभेत लेखी मागा, जे आपले आहे ते आपण करा.

आणि दुसऱ्या मुलखाच्या माणसाविषयी तोंडून काही निघण्याआधी एवढेच मनात आणा, की त्याच्या शिवाराला पाणी कोणत्या साली आले होते.