बुडालेला दिवस

'डोहाळे' हा आपल्या घराघरांतला शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दापासून आला. सुश्रुतानें गर्भवतीस 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, असें म्हटलें आहे. तिचें हवें-नको पाहणें हें कुटुंबाचें कर्तव्य, हा त्यांतला भाव. आज या कर्तव्याचा मोठा भाग सरकारनें पत्करला आहे, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय होय. परंतु जें सरकारनें पत्करलें नाहीं, तें कोणाच्या अंगावर पडतें, याचा विचार सहसा होत नाहीं.

१ जून २०११ रोजीं सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, तपासण्या व रक्त हीं सर्व विनामूल्य आहेत. साध्या प्रसूतींत तीन दिवस व शस्त्रक्रिया झाल्यास सात दिवस बाळंतिणीस जेवण मिळतें. प्रसूतीसाठीं नेण्याआणण्यास गाडीही मिळते. कागदावर पाहतां उणें कांहींच नाहीं.

व्यवहारांत मात्र उणें पडतें. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभीं नांदेडच्या मोठ्या शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. औषधें बाहेरून आणावीं लागलीं, असें कित्येक नातलगांनीं तेव्हां वृत्तपत्रांस सांगितलें. रुग्णालयानें टंचाई नाकारली. या गोष्टी निदान वृत्तपत्रांत तरी येतात. बुडालेला दिवस मात्र कोठेंच छापून येत नाहीं.

किनवट तालुक्यांतील एखादी शेतमजूर स्त्री डोळ्यांपुढें आणा. नांदेड तिच्या गांवाहून शंभर किलोमीटरांपेक्षां दूर. गरोदरपणांत निदान चार तपासण्या व्हाव्या, असा दंडक आहे. सोनोग्राफीसाठीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं जावें लागतें. त्या दिवशीं तिची मजुरी बुडते. अवघडलेल्या स्थितींत एकटी जाणार कशी, म्हणून सासूची किंवा पतीचीही बुडते. शिवाय एस. टी. चें भाडें आणि दोघांचें खाणें. काम 'उद्यां या' वर गेलें, कीं सारें दुप्पट. तपासणी फुकट, पण दिवस फुकट नाहीं.

लातूर-नांदेडच्या डोंगराळ भागांतून ऊसतोडीस जाणारीची अवस्था याहूनही बिकट. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. उचल आधींच घेतलेली. एक दिवस खाडा झाला, तर मजुरी जाऊन वर दंड बसतो. मग ती तपासणीच टाळते. घरच्यांस ही काटकसर वाटते. तिची किंमत कधीं कधीं प्राणानें द्यावी लागते.

बाळंतपणाचा काळ हा मजुरीचा काळ धरावा, हें तत्त्व नवें नव्हे. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूति-भत्त्याचा कायदा झाला; नांदेड व लातूर त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतीं. १९६१ सालीं सर्व देशासाठीं कायदा झाला, आणि २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळूं लागली. आपल्या सुना-लेकींस तिचा लाभ होतो. महाराष्ट्रांत मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील गरीब गर्भवतींसाठीं ४००० रुपयांची तरतूद झाली. तिचें नांवच 'बुडीत मजुरी'. इतकें नेमकें नांव सरकारी कागदांत क्वचित् आढळतें.

पण आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी स्त्री या रजेच्या कायद्यांत बसत नाहीं. तिचा मालक कारखाना नव्हे, आपणच आहों. तिला दिवस गेले असतील, तर तपासणीच्या दिवसाचा पगार कापूं नये. तिला कोणत्या योजनेचा पैसा मिळतो तें विचारून अर्ज भरून द्यावा. बाळंतपणांत तिची जागा राखून कांहीं आठवड्यांचा पगार द्यावा. आपल्या घरीं डोहाळजेवणाच्या एका संध्याकाळीं होणाऱ्या खर्चापुढें एका तपासणीच्या दिवसाचा पगार तो किती? सुश्रुताचीं तीं दोन हृदयें आपल्या माजघरांत असतात, तशींच मोरीवर भांडीं घासणारीच्या ठायींही असतात.