टेट (व्हियेतनामी सण)

टेट हा व्हियेतनाममधील चांद्र नववर्षाचा सण होय. तो जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतो. 'टेट' हा शब्द ऋतुसंधी वा सण या अर्थाच्या चिनी शब्दावरून आला आहे.

पाच फळांचे तबक

टेटनिमित्त घरातील पूर्वजांच्या वेदीवर ५ फळांचे तबक मांडतात. दक्षिणेत त्यांपैकी ४ फळे सहसा नावांच्या उच्चारावरून निवडली जातात: सीताफळाच्या जातीचे 'मान्ग कौ', नारळ ('यूआ'), पपई ('डू डू') आणि आंबा ('सोआय'). ही नावे ओळीने उच्चारली असता 'कौ यूआ डू साय', म्हणजे 'खर्चापुरते मिळो', या प्रार्थनेचा भास होतो. केळे मात्र तेथे टाळतात. त्याचे 'चुओई' हे नाव 'खाली झुकणे' या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते. उत्तरेत केळ्यांची फणी हाच तबकाचा आधार असतो.

भाषाभ्यासातील महत्त्व

'नारळ' व 'पुरेसे' या अर्थांचे शब्द हनोईत अनुक्रमे 'झूआ' व 'वूआ' असे उच्चारतात. दक्षिणेत दोन्ही 'यूआ' होतात. त्यामुळे केवळ हनोईचे उच्चार शिकलेल्या विद्यार्थ्यास हा श्लेष सहज उमगत नाही. शुभेच्छा देतानाही 'मी' व 'तुम्ही' यांऐवजी वय आणि नाते दर्शविणारे शब्द योजावे लागतात. म्हणून समोरच्याशी असलेले नाते ठरल्याखेरीज शुभेच्छेचे वाक्य पूर्ण होत नाही.