‘केवटभोग’ आणि पवईचा काठ

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा अवध्य प्राण्यांच्या यादीकडे जाते. त्याच लेखातील दोन शब्दांकडे आम्हांस येथे लक्ष वेधावयाचे आहे : ‘नागवन’ म्हणजे हत्तींसाठी राखलेले अरण्य आणि ‘केवटभोग’ म्हणजे कोळ्यांच्या मासेमारीचे राखीव पाणी. राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या या लेखाने ठरावीक दिवशी या दोन्ही ठिकाणी जीवहत्या निषिद्ध ठरविली. ही स्थाने राज्याच्या उपभोगाचीच होती, हे विसरता कामा नये. मर्यादा घातली ती उपभोगावरच.

विनयपिटकाची दृष्टी याहून सूक्ष्म आहे. वनस्पतींचा नाश करणे हा भिक्खूंसाठी ‘पाचित्तिय’ दोष होय. सजीव जंतू असलेले पाणी जाणूनबुजून वापरणे हाही. निरोगी भिक्खूने पाण्यात थुंकू नये, मलमूत्र विसर्जन करू नये, असे सेखिय नियम सांगतो.

पवईचा तलाव निसर्गनिर्मित नाही. मिठी नदीच्या उपप्रवाहावर बांध घालून १८९१ साली तो पिण्याच्या पाण्यासाठी निर्माण झाला. पुढे ते पाणी पिण्यास अयोग्य ठरले. तथापि तेथे मगरी नांदतात. (पालि ‘सुंसुमार’ आपल्या ‘सुसर’ या शब्दात अजून जिवंत आहे.) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचा समावेश आहे. ती पोहते पाण्यात, परंतु ऊन घेते काठावर आणि अंडी घालते काठाच्या मातीत खड्डा खणून. काठ दगडांनी बांधला की तिचे घरटे संपते, पाणी कितीही शिल्लक असो.

म्हणूनच २०२१ साली महानगरपालिकेने जाळीबंद दगडांचे थर रचून सायकल व पदपथाचे काम आरंभिले, तेव्हा प्रश्न काठाचा होता. आयआयटीतील संशोधक विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी हे काम बेकायदेशीर ठरवून बांधकाम काढण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

नागरिकांना तलावाकाठी फिरावेसे वाटणे गैर नव्हे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावलेल्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्याचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु महाडला ज्यांना दूर ठेवले होते ती माणसे होती. पवईच्या काठावरून हटविला जाणारा जीव न्यायालयात अर्ज करू शकत नाही. तलावाच्या दर्शनासाठी मागे हटून, झाडांच्या आडून चालणारी वाट पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

सांडपाण्याचा प्रश्न मात्र त्या निकालाच्या कक्षेबाहेरचा. नाल्यांतून येणाऱ्या मैल्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसली जाते. ती पृष्ठभाग झाकते, खाली प्रकाश पोहोचत नाही, कुजताना ती पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि मासे गुदमरतात. मगरीचे अन्न तेच. यंत्राने जलपर्णी उपसली तरी सांडपाणी पूर्णपणे अडविले जाईपर्यंत ती काही आठवड्यांत पुन्हा पसरते.