बागबगीच्याची कामे मिळवून द्या, पण टक्का आधी लिहून घ्या



भात झोडून कणगीत पडले की टोकावडे, मुरबाड, शहापूर भागात हाताला फारसे काम राहत नाही. ओलीवर वाल, हरभरा निघतो तेवढाच. पण याच दिवसांत कल्याण-माळशेज रस्त्याच्या आजूबाजूला शहरातल्या लोकांच्या फार्महाऊसवर कामे निघतात. कुणाला कुंपणाला झाडे हवीत, कुणाला आंब्याची कलमे, कुणाला घरापुढे हिरवळ. शहापूर तालुक्यातून तर आता समृद्धी महामार्गही जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला.

अशी कामे जुळवून नर्सरीवाल्याला किंवा बागेच्या ठेकेदाराला द्यायची आणि ठरलेला टक्का घ्यायचा, हा जोडधंदा करता येतो. यात पगार नाही. काम जुळले तर पैसा, नाही तर पेट्रोल अंगावर. भांडवल एकच, ते म्हणजे पंचक्रोशीतले तुमचे नाव. माल नर्सरीचा असला तरी झाड मेले की मालक तुमच्याच दारात येणार.

गिऱ्हाईक कसे जोडावे

सुरुवात ओळखीच्या राखणदारापासून करा. मालक कधी येतो, कोणते काम अडले आहे, हे त्याला ठाऊक असते. मालक भेटला की लगेच दर सांगू नका. आधी जागा पायी फिरा, टेपने मोजा आणि चार गोष्टी विचारा : मे महिन्यात पाणी किती टिकते? मोकाट गुरे येतात का? माती किती खोल आहे? झाडांना पाणी कोण घालणार? उत्तरे वहीत लिहा. शहरातल्या माणसाला जागा माहीत नसते, तुम्हाला असते. तुमची खरी किंमत तीच आहे.

न टिकणारे विकू नका

हिरवळीवर कमिशन चांगले मिळते म्हणून ती गळ्यात मारू नका. साधा हिशेब पाहा. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तर एका चौरस मीटरला ५ लिटर लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे रोज ५०० लिटर. दोन गुंठ्यांना दहा हजार लिटरचा टँकर दहा दिवसही धड पुरत नाही. भातसा, तानसा धरणे शहापुरात असूनही उन्हाळ्यात तिथल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी नसेल तिथे बहावा, तामण, जांभूळ आणि कुंपणाला करवंद सुचवा. बिल कमी होईल, पण पुढच्या वर्षी तोच मालक शेजाऱ्याचे काम देईल.

टक्का कागदावर

गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. बैल समोर उभा असतो, पैसे हातोहात मिळतात, म्हणून ते चालते. बागेचे तसे नाही. बोलणी माघात, खड्डे एप्रिल-मेमध्ये, लागवड पाऊस स्थिरावल्यावर आणि शेवटचा हप्ता कधी कधी दिवाळीला. तोवर तोंडचा शब्द विरून जातो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ प्रमाणे वेगळे ठरले नसेल तर मध्यस्थाचा मोबदला काम पुरे झाल्यावरच देय होतो. म्हणून साध्या कागदावर एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

१. टक्का किती आणि कशावर? नुसत्या रोपांवर, की माती-मजुरीसह पूर्ण बिलावर? समजा, बिल ४०,००० रुपयांचे आणि रोपे १५,००० ची. दहा टक्क्यांनी एकीकडे ४,००० मिळतात, दुसरीकडे १,५००.
२. मालकाचा हप्ता येईल तसतसा तुमचा वाटा मिळावा.
३. मेलेली रोपे किती दिवसांपर्यंत आणि कुणाच्या खर्चाने बदलायची?
४. त्याच मालकाने पुढे काम वाढवले तर त्यावर टक्का आहे की नाही?

मालकाचे पैसे शक्यतो स्वतःच्या हातात घेऊ नका, ते थेट ठेकेदाराला जाऊ द्या. स्वतःचे पैसे घालून माल उचलू नका. दोन्हीकडून गुपचूप दलाली खाऊ नका. ज्याच्यासाठी तुम्ही काम करता त्याला न सांगता मिळवलेला नफा तो कायद्याने मागू शकतो, आणि बोभाटा होतो तो वेगळाच.

हेही सांभाळा

फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो पाहूनच कलमे सुचवा आणि पावती मालकाला द्या. जंगलातली रोपे उपटून आणू नका. लाल माती किंवा मुरूम लागला, तर ठेकेदाराकडे महसूल खात्याची परवानगी आहे का ते पाहा. कमिशनची कमाई शेतीच्या उत्पन्नात धरत नाहीत, म्हणून तिचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा.

पहिल्या वर्षी दोन-तीनच कामे घ्या, तीही सायकलच्या टप्प्यातली. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे महिन्यात प्रत्येक जागी जाऊन किती झाडे जगली ती मोजा. जगलेली झाडे नव्या गिऱ्हाइकाला नेऊन दाखवता येतात. मेलेल्या झाडांची बातमी मात्र तुमच्या आधीच त्याच्याकडे पोचलेली असते.